नागपूरहून विशाखापट्टणम: बंदरावर काम कसं मिळतं, बिऱ्हाड कुठे करावं?

बर्डीकर

बी.कॉम. झालंय. मिहानच्या आयसीडीत (समुद्रापासून दूरचं कंटेनर आगार, कस्टम तपासणी तिथेच होते) एका सीएचए (कस्टम ब्रोकर) फर्मकडे निर्यातीचं डॉक्युमेंटेशन करतो. चेकलिस्ट, आइसगेटवर (कस्टमचं पोर्टल) शिपिंग बिल (निर्यातीचा कस्टम अर्ज), तपासणीला उभं राहणं, सील. रेक (कंटेनरची मालगाडी) सुटला की आमचा संबंध संपला. एच कार्ड (फर्मच्या वतीने कस्टममध्ये काम करायचं ओळखपत्र) आहे, परीक्षा देऊन मिळणारं वरचं जी कार्ड नाही. या धंद्यात पुढे सरकायचं तर जहाज लागतं तिथेच जावं लागेल असं दिसतंय. न्हावा शेवाचं नाव सगळेच घेतात, पण पनवेल-उलव्याची भाडी पाहिली की विशाखापट्टणम बरं वाटतं. बंदर मोठं आहे, गाव मुंबईएवढं अंगावर येत नाही, आणि नागपूरहून थेट गाडी आहे.

विचारायचं ते असं. आयसीडीचा अनुभव बंदरावर धरतात का, आणि नेमका कोणत्या कामासाठी अर्ज करावा? एच कार्ड तिकडे चालेल का? सोबत बायको (डी.एड., हिंदी माध्यमाच्या शाळेत शिकवते) आणि साडेतीन वर्षांचा मुलगा आहे, तर घर कोणत्या भागात बघावं? तेलुगू शून्य.

जाऊ नको म्हणणाऱ्यांचंही ऐकायचंय, फक्त कारण सांगा.

---

गोदीवाला

आधी कोण काय चालवतं ते समजून घ्या, नाहीतर अर्ज भलत्याच दारात पडतात. तिथे बंदरं दोन आहेत. शहरातलं जुनं, ते पोर्ट अथॉरिटीचं. आणि दक्षिणेला स्टील प्लांटला लागून गंगावरम, ते अदानी समूहाकडे. जुन्या बंदराचे पुन्हा तीन भाग: आतलं हार्बर, बाहेरचं हार्बर आणि मासेमारीचं. कंटेनर टर्मिनल बाहेरच्या हार्बरात आहे. २००३ पासून सुरू आहे आणि जे. एम. बक्षी समूह ते चालवतो. कोळसा, खनिज, खत, अ‍ॅल्युमिना, कच्चं तेल यांचे धक्के वेगळे, त्यांची माणसंही वेगळी.

नागपूरकराला एवढं ठाऊक असावं की हे बंदर मुळात आपल्याकडच्या मालासाठी झालं. मध्य प्रांतातलं मँगनीज समुद्रापर्यंत न्यायला बंगाल नागपूर रेल्वेने रायपूर–विजयानगरम लाइन टाकली, बंदराचं बांधकामही त्याच रेल्वेने केलं आणि १९३३ मध्ये ते सुरू झालं. आज समता एक्सप्रेस गोंदिया, रायपूर, टिटलागड, रायगडा करत जाते ती याच लाइनवरून.

आता काम. पोर्ट अथॉरिटीत कायम नोकरी हा विचार डोक्यातून काढा. रोजचं काम खासगी फर्मकडे असतं: कस्टम ब्रोकर, शिपिंग लाइनचे (जहाज कंपनीचे) एजंट, सीएफएस (बंदराबाहेरचं कंटेनर भरण्या-उतरवण्याचं यार्ड), स्टीव्हडोर (जहाजात माल चढवणारे-उतरवणारे), सर्व्हेयर, ट्रान्सपोर्टर. तुमच्या कामाचे पहिले तीन.

‘शिपिंग बिल फाइल करतो’ एवढंच बायोडाट्यात लिहिलं तर कोणी फोन करणार नाही, ते करणारी स्थानिक पोरं भरपूर आहेत. तुमच्याकडे विकण्यासारखं आहे ते वेगळं. आयसीडीतून निघालेल्या मालाची ईजीएम (निर्यात झालेल्या मालाची कस्टमला द्यायची यादी) दोनदा भरली जाते. एक आयसीडीवर, लोकल. दुसरी जहाज सुटल्यावर बंदरावर, गेटवे. ही दुसरी भरलीच गेली नाही, किंवा तिच्यात शिपिंग बिलाची तारीख, कंटेनर नंबर, नगांची संख्या यातलं काही जुळलं नाही, की आयजीएसटीचा (निर्यातीवर भरलेल्या जीएसटीचा) परतावा एसबी००६ या कोडवर अडकतो. निर्यातदार नागपुरात बोंबलतो, आयसीडीचा सीएचए म्हणतो लाइनला विचारा, लाइनचं ऑफिस म्हणतं आमच्याकडून भरलंय. दोन्ही टोकं कळणारा माणूस लाइन एजंटच्या ऑफिसात फार कमी सापडतो. बायोडाट्यात हे पहिल्या ओळीत लिहा: आयसीडी निर्यात, लोकल व गेटवे ईजीएमची जुळवणी, अडकलेले परतावे सोडवणे. एसबी००३ (जीएसटी नंबर जुळत नाही) आणि एसबी००५ (इनव्हॉइस नंबर जुळत नाही) हे निर्यातदाराच्या बाजूचे घोळ असतात. मुलाखतीत हा फरक पटकन सांगता आला पाहिजे.

आयसीडीत न शिकलेल्या काही गोष्टी मात्र जाण्याआधी पक्क्या करा.

कट-ऑफ, म्हणजे शेवटची मुदत. बंदरावर दोन असतात, कागदांचा आणि गेटचा, आणि जहाज पुढेमागे झालं की दोन्ही हलतात. कंटेनर गेटवर आहे पण फॉर्म १३ वर (कंटेनर बंदरात घ्यायचा कागद) जहाजाचं किंवा फेरीचं नाव जुनंच आहे, म्हणून ट्रेलर परत पाठवला, हे नेहमीचं.

व्हीजीएम, म्हणजे भरलेल्या कंटेनरचं तपासलेलं वजन. १ जुलै २०१६ पासून वजनाची ही नोंद नसेल तर कंटेनर जहाजावर चढत नाही. पद्धती दोन: भरलेला कंटेनर काट्यावर घालायचा, किंवा माल, पॅकिंग, आतल्या फळ्या-दोर यांचं वजन घेऊन त्यात दारावर रंगवलेलं टेअर (रिकाम्या कंटेनरचं वजन) मिळवायचं. चुका ठरलेल्या आहेत. ट्रेलरचं वजन वजा करताना टाकी भरलेली की रिकामी हे कोणी बघत नाही. आणि एका ट्रेलरवर दोन वीसफुटी असले की दोघांचं मिळून वजन घेऊन अर्धं-अर्धं लिहून मोकळे होतात. ते चालत नाही, प्रत्येक डब्याचं वजन वेगळं लागतं.

आयात. हे तुम्ही केलेलं नाही आणि पैसा इथे आहे. बिल ऑफ एंट्री (आयातीचा कस्टम अर्ज) जहाज लागण्याच्या आदल्या दिवसाच्या अखेरीपर्यंत भरायचं. चुकलं तर पहिले तीन दिवस रोज ५,००० रुपये, पुढे रोज १०,०००. शिवाय सीएफएसचं ग्राउंड रेंट (जागेचं भाडं) निराळं आणि लाइनचं डिटेन्शन (कंटेनर उशिरा परत केल्याचा आकार) निराळं, आणि दोन्हींचे फुकट दिवस एकाच तारखेपासून मोजले जातीलच असं नाही. ग्राहकाला या तारखा पहिल्या ईमेलमध्येच लिहून देणारा माणूस फर्मला हवा असतो, कारण या बिलांवरून होणारी भांडणं शेवटी फर्मच्या अंगावर येतात.

गेटवर सीआयएसएफ आहे. आत जायचा पास नोकरी देणारी फर्म काढते, पण त्याला पोलिसांची चारित्र्य पडताळणी लागू शकते. ती नागपुरात असतानाच काढून ठेवा. पत्ता बदलला की दोन ठाण्यांत हेलपाटे पडतात.

---

काटा_आणि_कागद

+१ गोदीवाला. कार्डांचं मी सांगतो.

एच कार्ड तुमचं नसतं, ते तुमच्या फर्मच्या लायसन्सवर असतं. नोकरी सोडली की जमा करायचं, नवी फर्म नव्याने काढते. त्यामुळे ‘चालेल का’ याचं उत्तर नाही असंच आहे, पण त्यात अडचण काही नाही. एच कार्डाला बारावी पुरते. सोडताना रिलीव्हिंग लेटर आणि कार्ड जमा केल्याची पोच घ्या. पोच नसेल तर नवीन फर्मचा अर्ज रेंगाळतो.

तुमच्या सध्याच्या फर्मची विशाखापट्टणमला शाखा आहे का ते आधी विचारा. २०१८ च्या नियमांप्रमाणे ब्रोकर एका ठिकाणी लायसन्स घेऊन बाकीच्या कस्टम स्टेशनांवर फॉर्म सी ने कळवून काम करू शकतो. नागपूरच्या बऱ्याच फर्म मूळ मुंबईच्या असतात आणि त्यांचं कोणी ना कोणी पूर्व किनाऱ्यावर असतं. बदली मागणं हे नवी नोकरी शोधण्यापेक्षा सोपं.

जी कार्डाची परीक्षा मात्र टाळू नका. कस्टम कायदा, टॅरिफ वर्गीकरण, मूल्यांकन, ड्रॉबॅक (निर्यातीवर मिळणारा शुल्काचा परतावा), परकीय व्यापार धोरण, एवढ्यावर बेतलेली असते. पदवीधराला जी कार्डावर दोन वर्षांचं काम झालं की एफ कार्डाच्या, म्हणजे स्वतःच्या लायसन्सच्या परीक्षेला बसता येतं. बी.कॉम. आहात, म्हणजे ती पायरी तुम्हाला मोकळी आहे. एच कार्डावर दहा दहा वर्षं काढलेले लोक या धंद्यात आहेत आणि त्यांचा पगार तिथेच थांबलेला असतो.

---

सागरगोटा

विषय कंटेनरचा चाललाय, पण हा धागा वाचणाऱ्या बी.एस्सी. वाल्यांसाठी: विशाखापट्टणमला बल्क (कोळसा, खनिज असा सुटा माल) मोठं आहे, आणि बल्क म्हटलं की सर्व्हे कंपन्या आल्या. रसायनशास्त्राच्या पदवीधराला सॅम्पलिंग आणि ड्राफ्ट सर्व्हेत शिरकाव मिळतो.

ड्राफ्ट सर्व्हे म्हणजे जहाज किती बुडालंय त्यावरून माल मोजणं. पुढे, मध्ये, मागे, दोन्ही बाजूंनी असे सहा आकडे वाचायचे. पाण्याची घनता हायड्रोमीटरने घ्यायची. खुल्या समुद्राची १.०२५ धरतात, पण हार्बरात ती पावसाळ्यात घसरते, म्हणून पुस्तकातला आकडा टाकायचा नाही. बॅलास्ट (तोल राखायला घेतलेलं पाणी), इंधन, गोडं पाणी यांच्या टाक्या मोजून वजा. माल भरण्याआधी आणि नंतर हेच करायचं, फरक म्हणजे माल. लाटेत आकडा वाचताना पाच सेंटीमीटर इकडचे तिकडे झाले तर मोठ्या जहाजावर शेकडो टनांचा घोळ होतो आणि खरेदीदार-विक्रेत्यांचे वकील उभे राहतात.

लोहखनिजाच्या भुकटीत ओलावा मर्यादेपेक्षा जास्त असेल तर समुद्रात हेलकाव्यांनी तो माल पातळ होऊन सरकतो आणि जहाज कलंडतं. त्यामुळे ओलाव्याचा दाखला देणाऱ्याची जबाबदारी मोठी. काम रात्री-अपरात्री, शिडीने जहाजावर चढउतार, सुट्टी जहाजाच्या सोयीने. उंचीची भीती असणाऱ्याने या वाटेला जाऊ नये.

दुसरं म्हणजे कोळंबी. गोठवलेली कोळंबी रीफर (गारठा राखणाऱ्या) कंटेनरमधून उणे १८ अंशांवर जाते. रिकामा रीफर भरण्याआधी तपासणं, यार्डात प्लग लावून ठराविक वेळाने तापमान लिहिणं, बिघाड काढणं, याला आयटीआय रेफ्रिजरेशनवाली मुलं लागतात. नागपुरातल्या एसी दुरुस्तीवाल्याला हे जमण्यासारखं आहे, तीन फेजची सवय असेल तर. मात्र हा धंदा अमेरिकेवर टेकलेला आहे. २०२५ मध्ये तिथलं आयातशुल्क चढलं तसा इकडे लगेच फटका बसला.

---

सावजी_ते_सागर

घराचं मी लिहिते. ताईंना हा भाग वाचायला द्या.

काम कुठे त्यावर घर. शहर डोंगर आणि समुद्र यांच्यामध्ये लांबट पसरलंय. हायवे हाच कणा: कुर्मन्नपालेम, गाजुवाका, विमानतळ, एनएडी, मद्दिलपालेम, मधुरवाडा. कस्टम हाउस पोर्ट एरियात आहे. सीएफएस आणि गोदामं गाजुवाका-शीलानगर बाजूला. दादा ऑफिसात बसणार असतील तर अक्कय्यापालेम किंवा मर्रीपालेम बघा, दोन्हीकडे जाता येतं. यार्डात असतील तर गाजुवाका. एमव्हीपी कॉलनी आणि सीतम्मधारा छान आहेत, शाळा जवळ, भाजी जवळ, पण भाडं त्याच हिशोबाने. मधुरवाड्याला नवे टॉवर पाहून भुलू नका. ते आयटीवाल्यांसाठी ठीक; बंदरापासून शहराचं दुसरं टोक आहे ते.

वन टाउन, ज्ञानपुरम, कॉन्व्हेंट जंक्शन या भागात घर स्वस्त मिळतं त्याचं कारण कोळशाची धूळ. घर बघायला गेलात की गच्चीवर जा आणि पाण्याच्या टाकीच्या झाकणावरून बोट फिरवा. काळं आलं तर लहान मूल घेऊन तिथे राहू नका. मल्कापुरम-श्रीहरिपुरमकडे रिफायनरीचा वास असतो. कारखान्यांच्या अगदी भिंतीला लागून घर घेऊ नये हे तर ७ मे २०२० नंतर कोणाला सांगायला नको; गोपालपट्टणमजवळ एलजी पॉलिमर्समधून स्टायरीन गळलं तेव्हा पहाटे झोपेत असलेली शेजारची वस्ती सापडली.

घरमालकाला विचारायचे प्रश्न: पालिकेचं पाणी दिवसाआड की रोज, किती वेळ, बोअर खारं आहे का (नळ सोडून चव घ्या, आणि साबणाला फेस येतो का ते बघा), विजेचं मीटर स्वतंत्र आहे का, मांसाहार चालतो का. अ‍ॅडव्हान्स दोन-तीन महिन्यांचा मागतात. सोडताना रंगाचे पैसे कापण्याची पद्धत आहे, किती कापणार ते करारात आधीच लिहून घ्या. तळमजला टाळा, ओल धरतो.

कूलर विकून या. हे गमतीने नाही सांगत. नागपुरात तो चालतो कारण हवा कोरडी असते, गवतातलं पाणी उडतं आणि गारवा येतो. समुद्रकाठी हवा आधीच पाण्याने भरलेली. कूलर लावला की खोली ओली होते, गार होत नाही. मे महिन्यात पारा नागपूरपेक्षा आठ-दहा अंशांनी खाली असतो पण घाम वाळत नाही, त्यामुळे त्रास उलट जास्त वाटतो. दहा बाय बाराच्या खोलीला एक टनाचा एसी पुरे. कॉइल तांब्याची आणि गंजरोधक लेप असलेली घ्या, बाहेरचा युनिट समुद्राकडच्या भिंतीवर लावू देऊ नका, आणि वर्षातून दोनदा साध्या पाण्याने धुवून घ्या. खारी हवा अ‍ॅल्युमिनियमच्या पात्या खाते, मग गॅस गळतो.

पार्टिकल बोर्डचं कपाट न्यायचं नाही, फुगतं. सागवान असेल तर खुशाल न्या. तिखट-मसाले काचेच्या बरणीत, तेही थोडे थोडे. सावजी मसाला वर्षाचा एकदम नेलात तर पावसाळ्यात बुरशी धरेल. आणि पावसाळा म्हणजे आपला जून ते सप्टेंबर एवढाच नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबर हा वादळांचा मोसम. १२ ऑक्टोबर २०१४ ला हुदहुद थेट शहरावरच आलं होतं. त्या दोन महिन्यांत भरलेली पाण्याची पिंपं, टॉर्च, पॉवर बँक, चार दिवसांचा शिधा घरात असू द्या. मोठ्या काचेच्या सरकत्या खिडक्या समुद्राकडे असलेलं घर बघायला सुंदर दिसतं, तेवढंच.

खाण्याचे हाल नाहीत. रायतु बाजारात (शेतकऱ्यांचा बाजार) भाव फळ्यावर लिहिलेले असतात, घासाघीस करावी लागत नाही. गोंगुरा म्हणून जो पाला दिसेल ती आपली अंबाडी. ज्वारी जोन्नलु नावाने मिळते. मासे खात असाल तर १५ एप्रिल ते १४ जून यांत्रिक होड्यांना बंदी असते, तेव्हा भाव चढतात आणि बर्फातला माल येतो.

ताईंच्या नोकरीबद्दल: सरकारी शाळेचा नाद सोडा, तिथे राज्याची टीईटी, डीएससी (शिक्षक भरतीची परीक्षा) आणि स्थानिकांचा कोटा. खासगी सीबीएसई शाळांत हिंदी शिकवणारी माणसं लागतात, कारण नौदल, बंदर, स्टील प्लांट यांमुळे उत्तरेकडची कुटुंबं पुष्कळ आहेत. सीटीईटी (केंद्राची शिक्षक पात्रता परीक्षा) दिली असेल तर वजन वाढतं. अर्ज जानेवारी-फेब्रुवारीत टाका. जूनमध्ये शाळा उघडल्यावर जागा भरलेल्या असतात. मुलासाठी केंद्रीय विद्यालयावर विसंबू नका, खासगी नोकरीवाल्यांचा नंबर प्राधान्यक्रमात खाली लागतो.

---

रेशीमबागी

भाऊ, जा म्हणणारे झाले, आता थोडं उलटं ऐका.

एक. ऑफर लेटर हातात आल्याशिवाय नागपूर सोडू नका. ‘तिथे जाऊन बघू’ म्हणून लोक जाऊन राहिले अन् दोन महिन्यांत अ‍ॅडव्हान्स तोडून वापस येऊन राहिले. २०१९ मध्ये आंध्रात कायदा झाला, उद्योगांतल्या ७५ टक्के जागा स्थानिकांना. कंपन्या तो किती पाळतात ते सोडा, पण साध्या क्लर्कच्या जागेवर बाहेरचा माणूस घ्यायला मालक कचरतो. गोदीवाल्यांनी सांगितलं ते ईजीएमचं काम विशेष आहे, त्याला हे लागत नाही. म्हणून तेच धरा.

दोन. स्टील प्लांटच्या भरवशावर राहणारे ठेकेदार, ट्रान्सपोर्टवाले गावात खूप. २०२१ पासून त्याच्या खासगीकरणाचं भिजत घोंगडं, जानेवारी २०२५ मध्ये केंद्राने ११,४४० कोटींचं पॅकेज दिलं तेव्हा थोडा श्वास आला. अशा ठेकेदाराकडे नोकरी घेत असाल तर त्याची बाकी किती महिन्यांनी निघते ते बाजारात विचारा. त्याचं बिल अडकलं की तुमचा पगार अडकला.

तीन, अन् हे बर्डीकरांसाठी नाही, बाकीच्या पोरांसाठी. ‘पोर्टमध्ये लावून देतो’ म्हणून पैसे मागणारा नागपुरात असो की तिथे, तो लबाडच. पोर्ट अथॉरिटीची भरती असली तर जाहिरात तिच्या संकेतस्थळावर येते, दलालाच्या मोबाइलवर नाही. जहाजावर नोकरीचंही तेच. भरती करणाऱ्या कंपनीकडे डीजी शिपिंगचं (केंद्राचं जहाज वाहतूक महासंचालनालय) आरपीएसएल, म्हणजे खलाशी भरतीचं लायसन्स लागतं, नंबर मागायचा अन् त्यांच्या संकेतस्थळावर तपासायचा. खलाशाकडून भरतीचे पैसे घ्यायलाच बंदी आहे; पासपोर्ट, सीडीसी (खलाशाचं नोंदणी पुस्तक), वैद्यकीय तपासणी एवढाच खर्च त्याचा. तीन-चार लाख मागून परदेशी झेंड्याच्या कुठल्या तरी डबड्या जहाजावर चढवतात, मग पोरगं परक्या बंदरात बिनपगारी अडकतं.

चार. पगाराचा आकडा नागपूरपेक्षा थोडा मोठा दिसतो म्हणून उडी मारू नका. अ‍ॅडव्हान्स, पहिलं भाडं, दलाल, सामानाचा ट्रक, शाळेची फी, एसी, हे सगळं पहिल्याच महिन्यात येतं. त्यावर तीन महिन्यांचा घरखर्च वेगळा काढून ठेवा. अन् बायकोचा पगार वर्षभर शून्य धरा.

माह्या मते जी कार्ड नागपुरात बसूनच काढा. परीक्षा तीच, खर्च घरचा. मग जा.

वाढवणचं कोणी सुचवेल म्हणून सांगतो, डहाणूजवळच्या त्या बंदराला केंद्राची मंजुरी जून २०२४ ची. समुद्रात भराव टाकून करायचं काम आहे. त्याची वाट पाहत बसू नका.

---

गोदीवाला

रेशीमबागींचा तिसरा मुद्दा छापून लावावा असा आहे. चौथ्याशीही सहमत. जी कार्डावर मात्र थोडा मतभेद: आयसीडीत बसून आयातीचं मूल्यांकन आणि वर्गीकरण कागदावरच शिकता येतं. फर्मची शाखा असेल आणि बदली मिळत असेल तर थांबू नका, परीक्षेचा अभ्यास तिथे करा. बदली नसेल तर रेशीमबागी म्हणतात तसं.

तेलुगूचं राहिलं. ऑफिसात हिंदी-इंग्रजीवर भागतं. अडतं ते यार्डात आणि फोनवर, कारण ट्रेलरचा ड्रायव्हर हिंदी बोलेलच असं नाही. कंटेनर नंबरात सात आकडे असतात, तेव्हा आधी आकडे पाठ करा: ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु, ऐदु, आरु, एडु, एनिमिदि, तोम्मिदि, सुन्ना. मग कुडि उजवं, एडम डावं, मुंदु पुढे, वेनक मागे, आगंडि थांबा. एवढ्यावर पहिला महिना निघतो. एडु आणि आरु फोनवर ऐकायला गल्लत होते, म्हणून नंबर व्हॉट्सअ‍ॅपवर फोटोनेच मागवा. दारावरचा फोटो, सीलचा फोटो. चुकीच्या सील नंबरावर गेट-इन झालं की दुरुस्ती करेपर्यंत कट-ऑफ निघून जातो.

आणि सिंदिया जंक्शन नावाचा भाग लागेल. वालचंद हिराचंद, आपल्या सोलापूरचे, यांच्या सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीने १९४१ मध्ये तिथे जहाजाचा कारखाना काढला, तोच आताचा हिंदुस्तान शिपयार्ड. वेल्डर-फिटर आयटीआय झालेल्यांनी तिथल्या ठेकेदारांकडे चौकशी करावी. जहाजाच्या प्लेटवरचं वेल्डिंग एक्स-रेने तपासतात, त्यामुळे ६-जी पोझिशनचं, म्हणजे तिरप्या अवघड कोनात बसवलेल्या पाइपचं वेल्डिंग येणाऱ्याला मान आहे.

---

बर्डीकर

फर्मची शाखा आहे, आजच कळलं. बदलीचा अर्ज टाकतो. एक शेवटचं: मोटरसायकल नेऊ की विकू? एमएच ४९ पासिंग आहे, फार जुनी नाही.

---

काटा_आणि_कागद

न्या. रेल्वेने पार्सल करा. आरसी, विमा, आधार यांच्या प्रती, टाकी पूर्ण रिकामी (थोडंही पेट्रोल असलं तर घेत नाहीत), आरसे काढून वेगळे, हँडल-टाकीला पोतं आणि पुठ्ठा. पुढे-मागे दोन्हीकडे जाड कागदावर कुठून-कुठे ते लिहून बांधा. विशाखापट्टणम हे गाडीचं शेवटचं स्टेशन असेल अशी गाडी निवडा, म्हणजे मधल्या थांब्यावर उतरवायची राहून गेली असं होत नाही. समता एक्सप्रेस त्यातलीच. स्वतःची तिकिटं संक्रांतीच्या आसपासची काढू नका. आंध्रात तो मोठा सण, गाड्या भरून वाहतात आणि आरक्षण आता फक्त ६० दिवस आधी उघडतं.

दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची असेल तर नवीन नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी नागपूर पूर्वच्या आरटीओतून एनओसी काढा: फॉर्म २८, चेसिस नंबरचा पेन्सिलने उमटवलेला ठसा, चालू विमा, पीयूसी, आणि एकही चलान बाकी नको. कर्ज असेल तर बँकेचं पत्र. हे निघण्याआधीच करा, तिकडून करायला गेलात तर नागपूरला एक फेरी ठरलेली. आंध्रात रोड टॅक्स पुन्हा भरावा लागेल. तो भरल्यावर महाराष्ट्रातल्या उरलेल्या टॅक्सच्या परताव्याचा अर्ज करता येतो, पावती जपून ठेवा.

---

सावजी_ते_सागर

आणि साखळीला दर पंधरा दिवसांनी तेल, गाडी आठवड्याला गोड्या पाण्याने धुवा. बोअर खारं असेल तर त्या पाण्याने अजिबात नाही.